किटमधला काटा: आठ महिन्यांनंतर

परवा रात्री घरी काडतुसं भरताना पिस्तुलाच्या चाळीस केसमध्ये (काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यांमध्ये) पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, टाकून झाली आणि सवयीने पावडर तोलायचं रिकामं पॅन काट्यावर ठेवलं. यायला हवं होतं शून्य, आलं उणे ०.४ ग्रेन (पावडर याच मापात तोलतात). म्हणजे काटा वजन कमी दाखवत होता आणि केसमध्ये पावडर जास्त पडत होती. पण कितव्या केसपासून? पहिल्या की पस्तिसाव्या? कळायला काही मार्ग नव्हता. चाळीसच्या चाळीस केस पुन्हा डब्यात उलट्या केल्या, दिवा मालवला आणि झोपलो.

घरी काडतुसं भरायला लागून मला आठ महिने झाले. सुरुवात सगळे करतात तशीच, नवशिक्यांचं किट घेऊन: सिंगल-स्टेज प्रेस (एका दाबात एकच काम करणारं दाबयंत्र), पावडर मेझर (दर वेळी ठरावीक पावडर सोडणारं माप), प्रायमर (केसच्या बुडातली, पावडर पेटवणारी टिकली) बसवायचं हातातलं प्रायमिंग टूल, लूब (वंगण) आणि इलेक्ट्रॉनिक काटा. डाय (केसला पुन्हा मापात आणणारा साचा) आणि शेल होल्डर (केस बुडाशी पकडणारी खाच) वेगळे घ्यावे लागतात, हे खोकं उघडल्यावर कळलेला मी काही पहिलाच नसेन.

प्रेसबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि हेच तिचं कौतुक. बिडाचं धूड आहे. टेबलाला चार बोल्टनी आवळली, अधूनमधून रॅमला (केस वर डायमध्ये ढकलणाऱ्या दांड्याला) तेलाचा थेंब दिला, संपलं. तिच्यावर एकदाच वेळ आली, तीही माझ्या चिकटपणामुळे. रायफलच्या केसला लूब पुरवून पुरवून लावत होतो. एक केस डायमध्ये अशी रुतली की हँडल ओढल्यावर शेल होल्डरने केसची कड फाडून आणली आणि केस आतच राहिली. मग आधी डायमधली प्रायमर काढायची दांडी बाहेर घेतली, केसच्या बुडाला भोक पाडलं, त्यात आटे पाडले, बोल्ट घातला आणि पाना फिरवत फिरवत ती मिलिमीटर-मिलिमीटरने ओढून काढली. एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी लूब सढळ हाताने लावलं, तर केसच्या खांद्यावर (ती मानेकडे निमुळती होते तिथे) खड्डे पडले. आता चिमटीत घेऊन पुसट हात फिरवतो. पिस्तुलाच्या सरळ भिंतीच्या केसला कार्बाइडचा (अतिकठीण, गुळगुळीत) डाय असेल तर ही कटकटच नाही. मी सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

आता काट्याकडे येतो.

एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६४.८ मिलिग्रॅम, आणि काटा दाखवतो त्याचा दहावा भाग, साडेसहा मिलिग्रॅम. ०.४ ऐकायला किरकोळ वाटतं. रायफलच्या चाळीसेक ग्रेनच्या भरणीत ते एक टक्का होतं, पण पिस्तुलाच्या चार-पाच ग्रेनमध्ये जवळपास दहावा हिस्सा. लोड मॅन्युअलमध्ये (कोणत्या काडतुसात किती पावडर ते सांगणाऱ्या पुस्तकात) सुरुवातीचा लोड आणि कमाल लोड यांत साधारण तेवढंच अंतर ठेवलेलं असतं. ते अंतर आपण काळजीपूर्वक राखायचं आणि काट्याने परस्पर खाऊन टाकायचं, हे मला पटत नाही.

पहिला काटा दुसऱ्याच आठवड्यात सरकायला लागला, म्हणजे त्याचं शून्य जागेवर राहीना. कंपनीला कळवलं. उत्तर आलं, कॅलिब्रेट करा. केलं, पुन्हा कळवलं. पुन्हा तेच उत्तर, दोन्ही वेळा माझं नाव चुकवून. चौथ्या पत्रासोबत आकड्यांचे फोटो जोडले तेव्हा कुठे बदली काटा आला. तोही सरकला! तेव्हा मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण नंतर थोडा खजील झालो. आतल्या लोड सेलला (वजन टिपणाऱ्या भागाला) तापमान बदललेलं सोसत नाही, म्हणून काटा चालू करून अर्धा तास नुसता ठेवायचा असतो. मी बटण दाबलं की कामाला लागायचो. वर डोक्यावर पंखा, शेजारी मोबाईल, आणि प्लास्टिकच्या फनेलची स्थिर वीज. हे सगळं आवरल्यावर काटा बराच सुधारला. त्या काळात कुणी विचारलं असतं तर ‘दोष वापरणाऱ्याचा’ असंच सांगितलं असतं. म्हणूनच हाताला लागलेला एक जुना दांडीचा (तराजूसारखा, बिनविजेचा) काटा मी तीन महिने कपाटातच ठेवला. हळू चालतो म्हणून कंटाळा.

परवा मात्र पंखा बंद होता, मोबाईल दुसऱ्या खोलीत होता, काटा अर्धा तास तापवलेला होता. तरी उणे ०.४.

काल दांडीचा काटा पुसून काढला. बॅटरी नाही, तापवणं नाही. दांडीला धातूची एक पट्टी आहे, ती दोन चुंबकांच्या मधून हलते आणि दोन-तीन हेलकाव्यांत दांडी थांबते. चेक-वेट (काटा तपासायचं नेमकं वजन) ठेवलं, बरोबर. तासाभराने ठेवलं, बरोबर. शेवटी तर पावडरचा एकेक दाणा चिमट्याने टाकून दांडी हलते का ते बघत बसलो. हलते!

काटा कोणताही असो, एक गोष्ट त्याच्यावर सोडू नका. पिस्तुलाच्या केसमध्ये पावडर इतकी थोडी असते की चुकून दुप्पट पडली तरी केस भरून वाहत नाही. आणि एखादी केस कोरी राहिली तर नुसता प्रायमर बुलेटला (काडतुसाच्या टोकाच्या धातूच्या गोळीला) पिस्तुलाच्या नळीत ढकलून अडकवून ठेवतो. त्यामागून दुसरी गोळी झाडली की नळी फाटू शकते. म्हणून पन्नास केस ब्लॉकमध्ये (भोकांच्या ठोकळ्यात) उभ्या करून बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावल्याशिवाय मी एकही बुलेट बसवत नाही. टेबलावर पावडरचा डबाही एका वेळी एकच. म्हणून तर परवाची पावडर निर्धास्त परत ओतता आली.

पैसे वाचतात का, हे विचारू नका. गोळीमागे वाचतात, पण स्वस्त पडते म्हणून मी दुप्पट झाडतो. नेम सुधारलाय, तेवढं खरं.

इलेक्ट्रॉनिक काटा फेकलेला नाही. रिकाम्या केसचे वजनानुसार गट पाडायला ठीक आहे. तसंही वर्षाच्या वॉरंटीतले चार महिने अजून शिल्लक आहेत. तिसऱ्या काट्यासाठीचं पत्र काल रात्रीच पाठवलं, फोटो यावेळी पहिल्याच पत्रात जोडून.