शेवटच्या तिमाहीतील सोनोग्राफी : सरसकट करावी की कारण असेल तेव्हाच?

गरोदरपणाचा सातवा महिना सरला, आधीचे सर्व रिपोर्ट चांगले आले, तरीही आणखी एक सोनोग्राफी करून घ्यावी का, असा प्रश्न बहुतेक जोडप्यांपुढे येतो. एक मार्ग म्हणजे तक्रार असो वा नसो, ठरलेल्या आठवड्यात सोनोग्राफी करणे; दुसरा म्हणजे दर भेटीत पोट तपासून घेणे आणि शंका आली तरच सोनोग्राफी करणे.

मात्र ही निवड सर्वांसाठी नाही. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, जुळी बाळे किंवा आधीच्या खेपेस बाळ फार कमी वजनाचे झालेले असणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टर सांगतील त्या सोनोग्राफी कराव्यातच. अशा जोखमीच्या गरोदरपणात नाळेतील रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी केल्याने बालमृत्यू कमी होतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. विसाव्या आठवड्यात वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचे आढळले असेल, तर साधारण 32 व्या आठवड्यात ती पुन्हा पाहावी लागते. गर्भाशय वाढते तशी ती बहुतेकींच्या बाबतीत वर सरकलेली असते.

तब्येत ठीक असलेल्या स्त्रीसाठी खरी तुलना बाळाच्या वाढीपासून सुरू होते. चोविसाव्या आठवड्यानंतर ओटीपोटाच्या खालच्या टोकाशी लागणाऱ्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत टेपने घेतलेले माप सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतके भरते. ही पद्धत सोपी आहे, पण आईचे वजन जास्त असेल, गर्भाशयात गाठी असतील किंवा बाळ आडवे असेल, तर ती फसते. केंब्रिजच्या 2015 मधील अभ्यासात कारणापुरत्या सोनोग्राफीतून लहान चणीची 20 टक्के बाळे ओळखली गेली, तर सर्वांची सोनोग्राफी केल्यावर 57 टक्के. हा फरक पाहून निर्णय झालाच असे वाटेल. परंतु नेदरलँड्समध्ये तेरा हजारांवर स्त्रियांच्या 2019 मधील अभ्यासात सरसकट सोनोग्राफीने अशी बाळे जास्त सापडूनही बाळांच्या गंभीर गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2016 च्या शिफारशींत भर दिला तो 24 आठवड्यांपूर्वीच्या एका सोनोग्राफीवर.

याचे एक कारण मोजमापातच आहे. डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजून वजनाचा अंदाज बांधला जातो आणि तो दहा-पंधरा टक्क्यांनी चुकू शकतो, म्हणजे रिपोर्टमध्ये 3 किलो लिहिलेले बाळ प्रत्यक्षात 2.6 किंवा 3.4 किलोचे निघू शकते. ‘बाळ मोठे आहे’ एवढ्या एका वाक्यावरून सिझेरियनकडे कल झुकतो, आणि सरसकट सोनोग्राफीचा हा तोटा मला सर्वांत गंभीर वाटतो.

बाळाच्या स्थितीबाबत मात्र पारडे सोनोग्राफीकडे झुकते. दिवस भरताना शंभरात तीन-चार बाळे पायाळू असतात आणि अनुभवी हातालाही त्यांतील काही कळत नाहीत. 36 व्या आठवड्याच्या सुमारास हे समजले, तर पोटावरून हाताने बाळ फिरवण्याचा प्रयत्न करता येतो किंवा प्रसूतीचे नियोजन शांतपणे करता येते. तेच कळा सुरू झाल्यावर उमगले, तर सगळे निर्णय घाईत घ्यावे लागतात. म्हणून निरोगी गरोदरपणात एकच उशिराची सोनोग्राफी करायची असेल, तर मी ती याच सुमारास आणि प्रामुख्याने याच कारणासाठी करण्याच्या बाजूने आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर दोन नोंदी विनाकारण घाबरवतात. पहिली, गळ्याभोवती नाळेचा वेढा: जन्मणाऱ्या चार-पाच बाळांपैकी एकाला तो असतो, बहुधा त्रास देत नाही आणि केवळ त्यासाठी सिझेरियन करण्याची गरज नसते. दुसरी, प्रसूतीची बदललेली तारीख: शेवटच्या महिन्यांतील अंदाज दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो, तर पहिल्या तिमाहीतील अंदाजात फरक पडतो तो साधारण आठवड्याभराचाच, त्यामुळे आधी ठरलेली तारीखच कायम ठेवावी.

मार्ग कोणताही निवडला, तरी बाळाची हालचाल मंदावल्याचे जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे; आठवड्यापूर्वीचा चांगला रिपोर्ट किंवा चार दिवसांनी घेतलेली सोनोग्राफीची वेळ, हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही.