मारुती ८०० (कार्बोरेटर मॉडेल): खानदेशात वर्षभर चालवल्यानंतर

जुनी ८०० घेणारा माणूस सगळ्यात आधी ॲव्हरेज विचारतो. खानदेशात घेत असाल तर आधी रेडिएटरचं झाकण उघडून आतलं पाणी बघा, ॲव्हरेजचं नंतर. नव्वदच्या दशकातली कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग) गाडी मी अमळनेरला वर्षाहून जास्त काळ रोज वापरतोय. शाळा, शेत, धुळे, जळगाव आणि अधूनमधून चाळीसगावहून कन्नडचा घाट. या काळात गाडीनं जे काही नखरे केले, त्यातले बहुतेक ऊन, बोअरचं पाणी नाहीतर पेट्रोल यांच्याच नावावर जमा होतात. क्रँक, बेअरिंग, पिस्टन यांनी अजून तोंड उघडलेलं नाही. एवढ्या वयाच्या गाडीत रबर कडक होणारच, गंज धरणारच. तो दोष कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

इंजिन एफ८बी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी, पिस्टनची धाव ७२ मिमी. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, वर एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवायला टायमिंग बेल्ट. ताकद चाळीस बीएचपीच्या आत, टॉर्क म्हणजे ओढ साठ न्यूटन मीटरच्या आसपास, गिअर चार. आकडे ऐकून आमच्या शाळेतली पोरं हसतात. पण गाडीचं वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास आहे आणि टॉर्क कमी आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे अमळनेरच्या बाजारातून तिसऱ्या गिअरवर ती निवांत सरकते. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोलचं इंजेक्शन, आलं. बारा व्हॉल्व्हचं, पाच गिअरचं जादा ताकदीचं मॉडेलही थोडा काळ मिळत होतं. मी लिहितोय ते फक्त कार्बोरेटरवालीबद्दल.

हायवेला साठ-सत्तरवर इंजिन खुश असतं. ऐंशीच्या पुढे नुसता आवाज. चार माणसं बसवून घाट चढायचा तर दुसरा गिअर धरायचा आणि एसी बंद ठेवायचा. एवढ्याशा इंजिनावर कंप्रेसरचा भार पडला की ते लगेच जाणवतं. तीन सिलिंडरचं असल्यामुळे स्लोवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, थोडी थरथर असणारच. मात्र स्टिअरिंगसोबत आरसाही नाचत असेल तर इंजिनाचे माउंटिंग रबर बसलेत असं समजा. माझे बदलल्यावर निम्मी थरथर गेली. ॲव्हरेज गावात चौदा-पंधरा, मोकळ्या रस्त्याला अठराच्या आसपास.

आता मुख्य दुखणं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. अशाच एका दुपारी जळगावहून येताना पारोळ्याला चहाला थांबलो. गाडी तोवर मस्त चालली होती, पण चहा संपवून सेल्फ मारला तर घुर्र घुर्र करते आणि पेटत नाही. प्लगला करंट होता, टाकीत पेट्रोल होतं. या गाडीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल आहे. तो हेडवरच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, बसतो आणि कॅमशाफ्टच त्याला चालवतो. गाडी चालू असताना पेट्रोल वाहतं राहतं, पंप तेवढा तापत नाही. बंद केली की हेडची सगळी उष्णता पंपात आणि पाइपात शिरते. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. पाइपात वाफ धरली की पंपातला रबरी पडदा (डायफ्राम) नुसती वाफच दाबत बसतो आणि कार्बोरेटरपर्यंत थेंब पोचत नाही. उपाय जुनाच आहे. बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाका आणि आणखी एक चहा घ्या.

कायमचा इलाज थोडा खर्चाचा. पंप आणि हेड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर असतो. माझ्या गाडीत तो तडकलेला होता आणि त्याच्या जागी कुणीतरी साधं कागदी पॅकिंग घातलं होतं. इन्सुलेटर नवा घातला, पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या बाजूनं जात होता तो लांबून फिरवला, वर स्लीव्ह चढवली. त्यानंतर हा प्रकार अगदी क्वचित झाला. काही जण टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवतात. ते तत्त्वानं बरोबर आहे. पंप मागून ढकलत असेल तर पाइपात दाब राहतो आणि दाबाखाली पेट्रोल लवकर उकळत नाही. पण वायरिंग नीट करणारा माणूस हवा, नाहीतर एक दुखणं घालवून दुसरं घ्याल.

दुसरं, पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आधीच्या मालकानं कूलंटचं तोंड पाहिलं नसावं. झाकण उघडलं तर आत लाल गाळ. त्यावर कडी म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकलेला आणि फॅन डायरेक्ट, म्हणजे स्विच वगळून सतत चालू, केलेला. 'गाडी तापते? काढ थर्मोस्टॅट' हा उपाय धुळ्यापासून रावेरपर्यंत चालतो. मला तो अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट नसला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापतच नाही, चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी खुंटी) ओढून ठेवावा लागतो आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. एक तक्रार झाकण्यासाठी हळूहळू पिस्टनच्या रिंगा खायच्या, असा तो व्यवहार आहे.

रेडिएटर खोलून नळ्यांतला थर काढायला रॉड मारून घेतला, थर्मोस्टॅट आणि फॅनचा स्विच नवा टाकला, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. झाकणही बदललं. बरेच लोक तिथे पैसे वाचवतात. झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत दाब राहतो आणि एक बारच्या आसपास दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदू साधारण वीस अंशांनी वर जातो. स्प्रिंग ढिली पडली तर चांगलं रेडिएटरही घाटात उकळतं. कामाआधी एकदा गाडी तापली असताना मी झाकणाकडे हात नेला, तेव्हा आमचा मिस्त्री ओरडला होता, "सर, आते हात नका लावू, जयी जाई!" (जळेल) आता मे महिन्यातही काटा मधोमध राहतो.

हे सगळं इतकं सांगण्याचं कारण म्हणजे हेड ॲल्युमिनियमचं आहे. एकदा दाबून तापलं की वाकतं, मग हेड गॅस्केट जातं. घ्यायच्या गाडीत हे तपासता येतं. गाडी थंड असताना झाकण उघडून स्टार्ट करा, पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते बघा. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधाळ चिकट थर असेल आणि सायलेन्सरमधून गरम इंजिनावरही पांढरा धूर येत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. हेड फेसिंग, गॅस्केट आणि मजुरी मिळून गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा जातो. निळा धूर वेगळा. बराच वेळ स्लोवर उभी राहून निघताना एक भपकारा आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, ते स्वस्तात होतं. रेस दिल्यावर सतत निळा धूर म्हणजे रिंगा, तिथे इंजिन खोलावंच लागतं.

पेट्रोलचं दुखणं नवं आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. नव्या गाडीत सेन्सर मिश्रण सांभाळून घेतो, कार्बोरेटरच्या जेटला (पेट्रोल सोडणारं ठरावीक मापाचं भोक) काही कळत नाही. त्यामुळे मिश्रण पातळ होतं, सकाळी चोक जास्त लागतो आणि एक्सिलरेटर दाबला की क्षणभर गाडी गचकते. जुने रबरी पाइप फुगतात, पंपाचा डायफ्राम मऊ पडतो. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, म्हणून पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस गाडी उभी ठेवली की कार्बोरेटरच्या बाउलमध्ये घाण जमते. मी सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे घातले, पंपाचा किट बदलला आणि काचेतून आतलं दिसेल असा फिल्टर मधे टाकला. फिल्टर काळा दिसला की बदलतो.

पावसाळ्यातली मिसिंग (एखादा सिलिंडर न पेटणं) बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाच्या, कॅपची असते. आत बारीक तडा गेला की ओलाव्यात करंट भलतीकडे पळतो. कॅप आणि रोटर सोबतच बदला. वायरी काढताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ लक्षात ठेवा. त्याच डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी ओ-रिंग असते, तिथून ऑइल पाझरतं आणि लोक उगाच टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलत बसतात. ऑइल मी २०डब्ल्यू-४० वापरतो, तीन लिटरचा डबा पुरतो. टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर घेतल्याबरोबर बदला.

पार्ट मिळण्याची चिंता नाही. अमळनेरला नसलं तर धुळ्याला मिळतंच. मात्र स्वस्तातल्या डुप्लिकेट थर्मोस्टॅट आणि कॅपपासून लांब राहा. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग दर पाच वर्षांनी करावं लागतं. कागद बघताना त्याची तारीख आधी बघा, कारण माझ्या गाडीसारख्या कितीतरी गाड्या पासिंग संपायला आल्यावरच विकायला निघतात.