फोर-बे हार्ड डिस्क एन्क्लोजर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

घरच्या डेस्कटॉपसाठी फोर-बे एन्क्लोजर (चार हार्ड डिस्क बसवून यूएसबीने पीसीला जोडायचा डबा) शोधायला बसलं की प्रत्येक जाहिरात एकाच आकड्यावर नाचते: १० जीबीपीएस, म्हणजे यूएसबीचा वेग. ठाण्यात, घोडबंदर रोडलगतच्या फ्लॅटमध्ये असा डबा मार्चपासून चालू आहे आणि तो आकडा यादीत पार खाली जायला हवा, असं आता ठाम मत आहे. आधी ॲडॉप्टर बघा, मग पंखा, मग आतली ब्रिज चिप, म्हणजे डिस्क आणि यूएसबी यांच्यातली दुभाषी. मॉडेलचं नाव देत नाही, कारण तोच बोर्ड घातलेले डबे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. तपासायच्या गोष्टी मात्र सगळीकडे त्याच.

ॲडॉप्टरचा हिशेब सोपा. साडेतीन इंची ७२०० आरपीएमची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, एकदा फिरायला लागली की अर्ध्या अँपिअरच्या आसपास उतरते. चार डिस्क एकदम उठल्या तर ८ अँपिअर, म्हणजे ९६ वॉट. बोर्ड आणि पंखा वेगळा. डब्यासोबत ६.५ अँपिअरचा, म्हणजे ७८ वॉटचा ॲडॉप्टर आला असेल तर डबा डिस्क एकेक करून उठवत असेल तरच तो पुरेल. हे नुसत्या कानांनाही कळतं. बटण दाबल्यावर थोड्या थोड्या अंतराने चार वेगळे ‘घूंऽऽ’ आले तर काम चोख आहे. एकदमच मोठा आवाज आला आणि मग एखादी डिस्क टकटक करत बसली, किंवा दोन डिस्कवर सगळं सुरळीत पण चारांवर एक गायब, तर डिस्कच्या नावाने खडे फोडू नका, व्होल्टेज पडतंय. आणखी एक: ॲडॉप्टर टू-पिन असेल तर पत्र्याला बोट लावल्यावर झिणझिण्या येतात. ती ॲडॉप्टरच्या फिल्टर कपॅसिटरमधून येणारी किंचित गळती. थ्री-पिन ॲडॉप्टर आणि धड अर्थिंग असलेला सॉकेट असला की ती थांबते.

आता उष्णता. मागचा ८० मिमीचा पंखा समोरून हवा खेचतो, त्यामुळे समोरचं दार जाळीचंच हवं. भरीव चकचकीत दार फोटोत छान दिसतं, बाकी काही नाही. मे महिन्यात एसीविना खोली ३३ अंशांवर असताना पंखा ‘ऑटो’वर ठेवला तर मधल्या दोन डिस्क ४९-५० पर्यंत जातात, कडेच्या दोन ४५ वर राहतात. ‘हाय’वर चारही ४३-४४ च्या आत. ऑटोचा सेन्सर बोर्डवर असतो, डिस्कवर नाही, म्हणून त्याला उशिरा जाग येते. डिस्कच्या कागदावर ६० अंश लिहिलेलं असतं, पण ती मर्यादा झाली. रोज तिथे राहायचं नसतं. हायवर आवाज होतो, रात्री शेजारी झोपायचं असेल तर खटकेल.

धुळीचं काय सांगावं! मेट्रोचं काम आणि ट्रेलरची रहदारी, त्यामुळे खिडकी उघडी राहिली की जाळीवर पांढुरका सिमेंटी थर बसतोच. साफ करताना डबा बंद करून प्लग काढायचा, डिस्कवर मार्करने बे-नंबर टाकून त्या बाहेर घ्यायच्या, मागचे चार स्क्रू सोडवून पंखा काढायचा आणि कोरड्या रंगाच्या ब्रशने झटकायचा. ब्लोअर मारत असाल तर पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं. पंखा बदलायची वेळ आली तर ८० बाय ८० बाय २५ मिमी, १२ व्होल्ट. पण कनेक्टर टू-पिन की थ्री-पिन ते बघूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जा.

ब्रिज चिपवर लोक सर्वांत कमी वेळ घालवतात आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच निघतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलर्सखाली ‘यूएएस’ (यूएसबीवरून डिस्कशी बोलायची नवी, वेगवान पद्धत) दिसायला हवं. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये चारही डिस्कचं तापमान आणि स्मार्टचे (डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे ठेवलेले) आकडे वेगवेगळे दिसायला हवेत. काही डबे चारही डिस्कना एकच ओळख क्रमांक देतात, मग विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसला (अनेक डिस्क एकत्र जोडणारी सोय) चारातली एकच डिस्क दिसते. स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा सीआरसी (डेटा पाठवताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क बिघडलेली नसते. बॅकप्लेनचा, म्हणजे डिस्क जिथे खोचते त्या पट्टीचा, संपर्क नीट नसतो. डिस्क काढून पुन्हा घट्ट बसवा. १९७ (वाचायला अडणाऱ्या जागांचा आकडा) वाढत असेल तर मात्र बॅकअप आधी, बाकी सगळं नंतर.

विकत घेतल्याबरोबर एक चाचणी करा. काही ब्रिज २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पीसीला ४ केबीच्या सेक्टरने (डेटाच्या कप्प्याचं माप, थेट जोडल्यावर ते वेगळं असतं) दाखवतात. अशी डिस्क डब्यात फॉरमॅट करून उद्या थेट मदरबोर्डच्या साटा केबलला (डिस्क पीसीच्या आत जोडायची केबल) लावली की विंडोज म्हणतं, इनिशियलाइझ करा. डेटा गेलेला नसतो, पण डब्याशिवाय वाचताही येत नाही. म्हणून रिकामी डिस्क फॉरमॅट करा, दोन फाइली टाका, साटावर लावून उघडून बघा आणि मगच भरायला घ्या. याच कारणाने डब्यातल्या रेडच्या (अनेक डिस्क मिळून एक करण्याच्या) नादी लागू नये. डबा मेला की बहुधा तसाच डबा शोधावा लागतो. जेबीओडी (प्रत्येक डिस्क वेगळी) ठेवा, आरसा, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर तीच नक्कल, हवा असेल तर तो सॉफ्टवेअरने करा.

आता तो १० जीबीपीएस. एक डिस्क बाहेरच्या ट्रॅकवर सेकंदाला २००-२५० एमबी देते, आतल्या ट्रॅकवर जवळपास निम्मं. ५ जीबीपीएसच्या पोर्टवरून प्रत्यक्षात ४०० ते ४५० एमबी येतात. म्हणजे एका वेळी एक-दोन डिस्क वापरणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. चारही डिस्क एकदम तपासायला लावल्या तरच पडतो.

वीज गेल्यावर काय होतं तेही दुकानात विचारा. महावितरणचं शटडाऊन संपून लाइट आल्यावर खटक्याचा स्विच असलेला डबा आपणहून सुरू होतो, सॉफ्ट बटणवाला बऱ्याचदा झोपलेलाच राहतो. पीसी आणि डबा दोन्ही यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटवरच हवेत. एक्सफॅट टाळा, एनटीएफएस ठेवा. लिहिता लिहिता लाइट गेली तर जर्नल (होणाऱ्या बदलांची आधी केलेली नोंद) असलेली फाइल सिस्टिम सावरते.

हॉट-स्वॅपवरही (डबा चालू असताना डिस्क बदलण्यावर) फार विसंबू नका. पोर्ट मल्टिप्लायरवाल्या (एकाच जोडणीवर चारही डिस्क टांगणाऱ्या) डब्यात एक डिस्क ओढली की चारही क्षणभर गायब होऊ शकतात आणि चालू कॉपी तुटते. कोणी हात न लावता डबा मधूनच नाहीसा होत असेल तर आधी कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवरून काढून थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टवर लावा, एक मीटरच्या आतली केबल वापरा आणि पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद करा. एवढं करूनही तोच प्रकार चालू असेल तर रिटर्नची मुदत बघा.