परळचं फिजिओ सेंटर आणि आमचा लॉकडाऊन: साडेतीन स्टार

सेंटरचं नाव लिहीत नाहीये, पैशावरून आमचं वाजलं होतं आणि ते आता मिटलंय, परळच्या हॉस्पिटलांच्या आसपास आहे एवढं पुरे. रिव्ह्यू उशिरा टाकतोय पण टाकायचाच होता.

बाबांना फेब्रुवारी २०२० मध्ये पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले पहिले तीन महिने घालवू नका, जे परत यायचं त्यातलं बरंचसं याच काळात येतं, म्हणून आम्ही तीस सिटिंगचं पॅकेज घेतलं, पैसे अ‍ॅडव्हान्स. अकरा सिटिंग झाली आणि २२ मार्चचा जनता कर्फ्यू आला, पाठोपाठ लोकल बंद, २५ पासून सगळंच बंद. म्हणजे नेमके तेच तीन महिने.

पुढचे अठरा दिवस सेंटरचा फोन कोणी उचलला नाही. एक स्टार तिथेच गेला.

मग एका संध्याकाळी त्यांच्या ज्युनिअर फिजिओ मॅडमचा स्वतःच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल आला, त्या डोंबिवलीत अडकलेल्या. मी फोन बाबांच्या तोंडासमोर धरला तर म्हणाल्या, "दादा, चेहरा नको, फोन स्टुलावर ठेवा आणि काकांचे पाय दाखवा." तिथून खरी ट्रीटमेंट सुरू झाली. आम्ही लालबागला चाळीत राहतो, तर गॅलरीचा कठडा म्हणजे आमचे पॅरलल बार (सेंटरमध्ये चालायच्या सरावाला धरायचे दांडे), आणि पेशंटला मागून धरायचा पट्टा असतो ना, त्याच्या जागी आजीचं जुनं लुगडं कमरेला घट्ट बांधायचं. गॅलरी सगळ्यांची, त्यात कोरोनाची भीती, म्हणून दुपारी अडीचला सगळे आडवे झाले की आम्ही बाहेर. बोटांसाठी कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे आणि काढायचे, आईने कणीक मळायला दिली ती वेगळीच. हे चिमटे-कणीक प्रकरण म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आणि गंमत अशी की तिची आशियातली पहिली शाळा कमला निंबकरांनी आमच्या शेजारी, परळच्याच केईएम हॉस्पिटलमध्ये १९५० साली काढली होती, आणि आम्हाला शब्द कळला तो मोबाईलवर.

पण फोनवर सगळं होत नाही हेही लिहितो. पाऊल लोंबत होतं त्याच्या स्प्लिंटचं, म्हणजे पाऊल वर धरणाऱ्या आधाराचं, माप १७ मार्चला दिलेलं, वर्कशॉपला कुलूप, कारागीर गावाला. मॅडमनी क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं गुंडाळून पाऊल वर धरायला शिकवलं, त्यावर चालवलं. जूनमध्ये स्प्लिंट हातात आला तेव्हा पोटरी इतकी आखडलेली की तो बसेचना, परत दुरुस्ती. खांद्याचं तर अजून वाईट. मॅडम रोज बजावायच्या की काकांना उठवताना उजवा हात धरून ओढू नका, पण घाईत एकदोनदा ओढला गेलाच, दुखणं सुरू झालं, आणि खांदा किती घट्ट झालाय हे हात लावून बघणारं माणूस जूनपर्यंत मिळालं नाही. जूनमध्ये घरी व्हिजिट झाली ती पीपीई किट घालून, किटचे पैसे वेगळे.

स्पीच थेरपीचा अनुभव मात्र उलटा, आणि हे कोणी आधी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. सेंटर उघडल्यावर आम्ही हौसेने टॅक्सी करून गेलो, तर स्पीचच्या मॅडम मास्क आणि वर फेसशील्ड लावून बसलेल्या. आता 'प' म्हणताना ओठ कसे मिटतात तेच बघून बाबा बोलायला शिकत होते, तर तेच झाकलेलं! बाबा चिडून भिंतीकडे तोंड करून बसले. शेवटी मॅडमच म्हणाल्या, तुम्ही घरी जा, मी व्हिडिओवरच घेते. घरून त्या बिनमास्कच्या, बाबाही बिनमास्कचे, आणि आईला नावाने हाक मारली ती अशाच एका कॉलवर. आधी वापरायचे ते 'अगं' सुद्धा नाही, थेट नाव. आई लाजली.

पैशाचं थोडक्यात: उरलेल्या एकोणीस सिटिंगची म्हणे व्हॅलिडिटी संपली. अहो, बंद तुम्ही होतात ना? बरंच भांडल्यावर व्हिडिओ सिटिंग पूर्ण रेटने धरून हिशोब मिटवला. ज्या पोरीने स्वतःच्या डेटा पॅकवर बाबांना उभं केलं तिला त्यातलं किती मिळालं असेल याची मला शंकाच आहे, अर्धा स्टार त्यासाठी कापला.

तुम्ही पॅकेज घेणार असाल तर सेंटर बंद पडलं तर पैशाचं काय हे पावतीवर लिहून घ्या, आणि पहिल्या आठवड्यातच घरच्या एकाला सगळे व्यायाम शिकवायला सांगा, कुरकुर करतील पण शिकवतात. स्टाफ चांगला, जागा स्वच्छ, पार्किंग नाही. लिफ्ट आहे पण लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या आहेत, पॅरालिसिसच्या पेशंटच्या सेंटरला, आणि कठडा फक्त उजव्या बाजूला.