हिलसा खायचाय? मग वाशीतला हा बंगाली मासळीवाला

सुरमई-पापलेटसाठी इथे जाऊच नका, ते आपल्या कोळणींकडे ताजं आणि स्वस्तात मिळतं. इथे जायचं ते फक्त हिलशासाठी, म्हणजे आपला पाला. दुकानदार दादाचं मराठी मोडकंतोडकं, पण मासा कुठला ते न विचारता सांगतो, हा भरूचचा, हा बंगालातल्या डायमंड हार्बरचा, हा बर्फातला म्यानमारचा आणि भावही त्याप्रमाणे. किलोच्या आतला 1400, वरचा 1900 च्या पुढे. महाग आहेच.

पण कापून देतो मस्त. भल्यामोठ्या विळीवर पाय रोवून बसतो, आधी खवले काढून मासा धुतो आणि मगच तुकड्या, कापल्यावर पाणी लावायचं नाही म्हणे, तेल जातं. गाभोळी वेगळी बांधून देतो.

एवढा महाग का विचारलं तर गडी सुरूच झाला. हिलसा समुद्रातला पण अंडी घालायला नदीत वर चढतो, पूर्वी गंगेतून पार अलाहाबादपर्यंत जायचा, 1975 ला बंगालात फरक्का बॅरेज, म्हणजे गंगेवरचा दरवाज्यांचा मोठा बंधारा, सुरू झालं आणि वाटच अडली. माशांसाठी तिथे लॉक, म्हणजे पाणी भरून मासे वर न्यायची दारांची कुंडं, ठेवलेत पण त्याने भागलं नाही, म्हणून बॅरकपूरची सरकारी मत्स्य संशोधन संस्था हिलसे बॅरेजच्या वरच्या अंगाला नेऊन सोडते, काहींना टॅग लावून. मासे चढायला पाण्याच्या पायऱ्या बांधूनही जमत नाही कारण हा काय सॅमनसारखा उड्या मारणारा मासा नाही. अमेरिकेत ह्याच्याच भाऊबंदांसाठी, शॅड म्हणतात त्यांना, होल्योक धरणावर 1955 पासून चक्क लिफ्ट आहे, मासे पाण्याच्या हौदात घ्यायचे आणि हौदासकट वर! (आमच्या सोसायटीची कधी चालू होणार देव जाणे.)

मला सगळ्यात पटलं ते हे की वीतभर हिलसा हा दादा दुकानात ठेवतच नाही. पश्चिम बंगालमध्ये 23 सेंटीमीटरच्या आतला पकडायला बंदी आहे, ती पिल्लं नदीतून समुद्राकडे निघालेली असतात, तीच मारली तर वर चढायला उरणार कोण. तरी दुसरीकडे एका दुकानात ताटं भरून ठेवलेली बघितलीत मी, स्वस्त म्हणून लोक घेतातही.

5 पैकी 4. एक कापला कारण भावाचा बोर्ड नाही, पार्किंगची बोंब आणि रविवारी उशिरा गेलात तर फक्त बर्फातला उरतो. काटे जाम असतात, पोरांना देताना जपून.