एव्हरेस्ट बेस कॅम्प की अन्नपूर्णा सर्किट: सुट्टी मोजून मिळणाऱ्यांसाठी

पाऊस ओसरायला लागला की मला दरवर्षी दोन-चार फोन येतात. प्रश्न एकच असतो. सोळा-सतरा दिवसांची सुट्टी जमते आहे, नेपाळला जायचं पक्कं आहे, तर बेस कॅम्प करावा की सर्किट? विचारणारे बहुतेक सह्याद्रीत मुरलेले असतात. कात्रज ते सिंहगड रात्रीत उरकणारे, हिमालयातला एखादा हंपटा किंवा सांदकफू पदरी असलेले. त्यांना बूट कोणते आणि कपड्यांचे थर किती, हे मी सांगायला नको. मी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मित्रांबरोबर बेस कॅम्प केला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भाच्याबरोबर सर्किट. दोन्ही एकेकदाच केलेत, त्यामुळे माझं म्हणणं तेवढ्याच वजनाने घ्यावं.

एव्हरेस्टची ओढ मला पुरती कळते. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमीचे गिर्यारोहक माथ्यावर पोचले, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी ट्रेकर्सच्या मनात ते नाव घर करून बसलं आहे. आणि खुंबू, म्हणजे एव्हरेस्टखालचा तो मुलूख, निराश करत नाही. नामचेच्या वरच्या चढावर पहिल्यांदा आमा दब्लमचं शिखर दिसतं तिथे आमच्यातला एकही जण पाच मिनिटं बोलला नव्हता. तेंगबोचेच्या मठासमोर संध्याकाळी ढग फाटले आणि सगळी रांग तांबूस झाली, ते दृश्य मी आयुष्यभर सांभाळीन. दुघलाच्या वर, डोंगरात गेलेल्यांच्या स्मरणार्थ रचलेल्या दगडांमधून चालताना आवाज आपोआप खाली येतो. ज्याला एव्हरेस्टच डोळ्यांनी बघायचा आहे, त्याला मी सर्किटकडे वळवणार नाही. फक्त एक माहीत असू द्या: बेस कॅम्पवरून माथा दिसत नाही. तो बघायला गोरक्षेपहून काला पत्थर चढावा लागतो, पहाटेच्या गोठवणाऱ्या वाऱ्यात. शिवाय मोहिमांचे पिवळे-केशरी तंबू बघायचे असतील तर एप्रिल-मेमध्ये जा. आम्ही ऑक्टोबरात पोचलो तेव्हा ५,३६४ मीटरवर दगड, बर्फ, पताका आणि फोटोसाठी थांबलेली माणसं होती. मला त्याचंही वाईट वाटलं नाही, पण सोबतचा एक जण हिरमुसला होता.

सर्किटची गंमत वेगळी आहे. तिथे एका शिखराकडे जायचं नसतं, एका डोंगररांगेला वळसा घालायचा असतो. बेसीसहरला भाताची खाचरं आणि केळी, चामेला पाइनचा वास, वरच्या पिसांगला समोर अन्नपूर्णा दोनची भिंत, मनांगला झुडपं तेवढी उरलेली, आणि थोरोंग ला ही खिंड ओलांडून मुस्तांगकडे उतरलात की उघडा, पिवळसर, कोरडा मुलूख. महाबळेश्वरचं धुकं अंगावर घेऊन निघावं आणि दुपारी माणदेशात दहिवडीला उतरावं, तसं. कारणही तेच, पर्जन्यछायेचं. फक्त इथे पाऊस अडवणारा डोंगर आठ हजार मीटरचा आहे. बारा-तेरा दिवसांत एकही दिवस आदल्या दिवसासारखा नव्हता. बेस कॅम्पला ज्या वाटेने चढता त्याच वाटेने उतरता. मला परतीचे ते दिवस लांब वाटले. काहींना त्याच वाटेवर चुकलेल्या गोष्टी दिसतात, तेही खरं आहे.

पण माझा कल दृश्यांवरून ठरला नाही. तो लुक्लाच्या विमानतळावर ठरला.

बेस कॅम्पची वाट जिथून सुरू होते, त्या लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि उताराची आहे. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. छोटी विमानं नजरेच्या भरवशावर उतरतात, म्हणून ढग आले की सगळं बंद. दुपारी वारा सुटतो, म्हणून जे काही व्हायचं ते सकाळीच. आणि ऐन हंगामात बरीच उड्डाणं काठमांडूहून न सुटता रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. म्हणजे काठमांडूहून मध्यरात्री उठायचं, चार-पाच तास घाटातून गाडीत हिंदकळायचं आणि पहाटे एका पत्र्याच्या शेडबाहेर कुडकुडत नंबर लागायची वाट बघायची. जाताना उत्साह असतो, ते खपून जातं. येताना नाही.

आम्ही ठरल्या दिवशी लुक्लात उतरून आलो. वसुबारसेपर्यंत घरी पोचायचं असं गणित होतं. सकाळी साडेपाचला सॅक काट्यावर ठेवल्या. पंधरा किलोची मर्यादा, त्यामुळे जड बूट पायात आणि जॅकेट अंगावर. सामानाला हाताने लिहिलेली चिठ्ठी बांधली गेली. मग बाकावर बसून कान भोंग्याकडे लावायचे, कारण विमान येणार असलं की भोंगा वाजतो. सातला एकदा वाजला, एक विमान आलं, आमच्या आधीच्या लोकांना घेऊन गेलं. नऊला दरी ढगांनी भरली. अकराला सगळ्यांना सॅक परत मिळाल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आदल्या दिवशीचं तिकीट असलेल्याला दुसऱ्या दिवशी पहिला नंबर मिळत नाही, त्या दिवशीच्या प्रवाशांनंतर जागा उरली तर मिळतो. हे मला तिथे बसल्यावर कळलं. काठमांडू-मुंबईचं तिकीट वाया गेलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी लॉजच्या जेवणघरात होतो. त्यांचा तिहार, म्हणजे तिकडची दिवाळी, चालू होता, दारात झेंडूच्या माळा होत्या, गावातल्या कुत्र्यांच्या गळ्यातही माळा होत्या. लॉजच्या दीदीने आम्हाला हाक मारून पणत्या लावायला बोलावलं. तिचा तो चांगुलपणा मी विसरलेलो नाही. पण फोन लागल्यावर आईने फक्त "जेवलास का?" एवढंच विचारलं, आणि मला बोलता येईना.

दोष कुणाचाच नाही. वैमानिक ढगात उतरत नाही म्हणूनच आपण जिवंत घरी येतो. पण त्या तीन दिवसांत माझ्या डोक्यात एक हिशोब पक्का बसला. लुक्लासाठी दोन-तीन दिवस हातात ठेवावेच लागतात. सुट्टी तर मोजून सोळा दिवसांची. मग ते दिवस कुठून काढायचे? लोक ते चढणीतून काढतात. दिंगबोचेचा विसाव्याचा दिवस उडवतात, फेरिचेहून थेट वर लोबुचेला पळतात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी विमानासाठी राखलेला दिवस शेवटी शरीराच्या वाट्यातून कापला जातो. आमच्यातल्या एकाचंच उदाहरण घ्या. लोबुचेला रात्री त्याचं डोकं फुटायला आलं होतं. उलट्या झाल्या, पहाटे त्याला खाली न्यावं लागलं. आम्ही दिंगबोचेला दुसरी रात्र काढली असती तर कदाचित तो गोरक्षेपला आमच्याबरोबर असता. आणि विमानासाठी वाचवलेला तो दिवस त्याने लुक्लाच्या बाकावर बसून घालवला.

सर्किटलाही राखीव दिवस लागतात, हे आधीच सांगतो. ५,४१६ मीटरची थोरोंग ला ही एकच खिंड आहे. बर्फ पडला की थांबणं आलं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद चक्रीवादळाचे ढग तिथवर पोचले आणि त्या हिमवादळात चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यामुळे बंगालच्या उपसागरात काय चाललंय, हे मनांगमध्ये बसूनही बघायचं असतं. पण फरक असा, की हे राखीव दिवस खिंडीच्या अलीकडे, मनांगच्या आसपास, वापरायचे असतात. तिथे थांबलात तर शरीर उंचीला रुळतं. नाहीच लागले तर तिलिचो तलावाला जा, नाहीतर पलीकडे उतरून मार्फात सफरचंदं खात एक रात्र जास्त काढा. एकही दिवस बाकावर जात नाही. आणि एकदा मुक्तिनाथला उतरलात की खाली गाडीरस्ता आहे. जोमसोमचं विमान वाऱ्याने रद्द झालं तर बस आहे, जीप आहे. रस्ता खडबडीत आहे, कंबर मोडते, पण संध्याकाळी उशिरा का होईना पोखरा गाठता येतं.

लुक्लालाही आता खालच्या अंगाने सल्लेरीकडून जीपचा पर्याय आहे, हे मान्य करायला हवं. त्यात चालणं वाढतं आणि दिवसही वाढतात. ज्यांच्याकडे वीस-एकवीस दिवस आहेत त्यांच्यासाठी तो फार चांगला आहे.

सर्किटमध्ये खुपलेल्या गोष्टीही सांगतो. जीपचा रस्ता आता मनांगपर्यंत पोचला आहे. खालच्या टप्प्यात तोंडाला रुमाल बांधून धूळ खात चालावं लागतं, शेजारून हॉर्न वाजवत गाड्या जातात. भाचा दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मामा, हे तर आपलं माळशेजसारखं झालं." आम्ही चामेपर्यंत जीपने गेलो आणि तिथून चाललो. मला ते बरोबर वाटलं. पण जीप मनांगपर्यंत जाते म्हणून थेट ३,५४० मीटरवर जाऊन बसू नका, ती लुक्लापेक्षा मोठी चूक ठरेल. पिसांगपासून खालचा रस्ता सोडून घ्यारू आणि ङवालच्या वरच्या वाटेने गेलात तर धूळही सुटते आणि उंचीची सवयही होते. दगडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या आहेत, त्या धरून चालायचं. घ्यारूचा चढ सिंहगडाच्या पायवाटेसारखाच उभा आहे, फक्त हवा विरळ. गाइड मागून सारखा "दाइ, बिस्तारै, बिस्तारै" म्हणत होता, म्हणजे दादा, हळूहळू. पहिल्या दिवशी मला त्याचा थोडा राग आला. चौथ्या दिवशी त्याच्या आधी मीच ते भाच्याला म्हणू लागलो. गाइड २०२३ च्या एप्रिलपासून नेपाळने बंधनकारक केला आहे. खुंबूत तो आग्रह ढिला असला तरी माझं मत विचाराल तर दोन्हीकडे घ्यावा.

मनांगला हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे डॉक्टर दुपारी उंचीच्या त्रासावर बोलतात. तासभर द्या. फेरिचेलाही त्यांचं केंद्र आहे.

खिंडीचा दिवस मात्र सर्किटचा खरा कस आहे. खिंडीच्या पायथ्याच्या फेदीहून पहाटे चारला निघालो. दहानंतर वारा सुटतो म्हणून त्याआधी माथा गाठायचा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. वीस पावलं, थांबा, पुन्हा वीस पावलं. बेस कॅम्पला असा एकच निर्णायक दिवस नसतो, कष्ट पसरलेले असतात, आणि ज्यांना ते सोसवतं त्यांना बेस कॅम्प सोपा जाईल. शिवाय खिंडीनंतर सोळाशे मीटरची सलग उतरण आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यावं. काठ्या दोन लागतातच, एक नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. खुंबूत सगळं विमानाने, हमालाच्या पाठीवर किंवा झोपक्यांवरून (याक आणि गाईच्या संकरातली जनावरं) येतं, म्हणून गोरक्षेपला डाळभात, गरम पाणी, मोबाइल चार्जिंग सगळ्याला चढे भाव. मनांगपर्यंत जीप जाते म्हणून तिथे थोडं स्वस्त. नेपाळी चलनात रोख घेऊनच चढा, मनांगच्या एटीएमवर विसंबू नका. विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. यावरून एकाला मी विमानतळावरून परत फिरताना पाहिलं आहे.

खिंड उतरून मुक्तिनाथला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. देवळामागच्या एकशे आठ धारांखाली काही बायका डोक्यावरून पदर घेऊन भिजत होत्या आणि मराठीत एकमेकींना आधार देत होत्या. पोखऱ्याहून बसने आलेली यात्रा, सांगलीकडची. आमचं बोलणं ऐकून एका मावशींनी विचारलं, "कुठनं आलासा बाळांनो?" भाच्याने मागच्या बर्फाकडे बोट केलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून खिंडीकडे पाहिलं, पुन्हा आमच्या पायांकडे पाहिलं, आणि पिशवीतून राजगिऱ्याचे दोन लाडू काढून हातावर ठेवले. तो लाडू खाताना माझे हात थरथरत होते, थंडीने की कशाने सांगता येणार नाही.

भाचा पुढच्या वर्षी बेस कॅम्पला निघाला आहे. मी अडवलं नाही. फक्त परतीच्या तिकिटाआधी चार दिवस मोकळे ठेवायला लावले, आणि दिंगबोचेच्या दोन रात्री कागदावर लिहून घेतल्या. "मामा, तुम्ही पण चला ना," म्हणाला. मी त्याच दिवसांत आईला घेऊन पोखऱ्यामार्गे मुक्तिनाथला जातो आहे. जोमसोमला दोन रात्री काढून, सावकाश.