भीमाशंकरचा मुलांचा निसर्ग कॅम्प, दोन रात्री, आमचा अनुभव

गणपती झाल्यावरच्या वीकेंडला लेक (वय 13) आणि भाचा (वय 9) यांना घेऊन पुण्यातल्या एका ग्रुपसोबत भीमाशंकरला जाऊन आले, नाव इथे लिहीत नाही कारण काही तक्रारी पण आहेत आणि त्या त्यांना फोनवर सांगून झाल्यात. मंचर-घोडेगाव मार्गे बस, मुक्काम गावातल्या घरात, जेवण चुलीवरचं, नाचणीची भाकरी आणि पिठलं, भाच्याने घरी कधी खाल्ली नसती ती भाकरी तिथे तीन वेळा मागून घेतली.

सगळ्यात भारी म्हणजे गावातलेच, महादेव कोळी या आदिवासी जमातीतले एक काका गाईड होते. झिपलाईन वगैरे काही नाही, चालायचं हळू आणि बसायचं गप्प. शेकरूचं घरटं दाखवलं, उंच फांदीवर काटक्या आणि पानांचा मोठा गोळा, एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं हे मला पण माहीत नव्हतं. मग तिथेच पाऊण तास बसवलं, पोरं आधी चुळबुळ करत होती आणि मग वरून खडखड आवाज आला, तांबूस पाठ आणि लांबच लांब शेपूट, ते एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावलं तेव्हा लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. राज्यप्राणी म्हणून पुस्तकात पाठ केलेला असतो, पण हे वेगळंच. 1985 साली अभयारण्य झालं त्यात शेकरू हे मोठं कारण होतं हे काकांनी तिथेच सांगितलं, आणि हिरड्याचं झाड दाखवून बाळहिरडा (त्याची कोवळी फळं) गोळा करून विकण्यावर गावातल्या घरांचं कसं चालतं ते पण.

रात्री मुक्कामाच्या घरामागेच नेलं (अभयारण्यात अंधार पडल्यावर जाता येत नाही, हा नियम त्यांनी पाळला, चांगलं वाटलं). टॉर्च बंद करून पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, आदल्या दिवशी पाऊस झालेला, आणि हळूहळू कुजलेल्या लाकडावर फिकट हिरवा उजेड दिसायला लागला. ती बुरशी असते, तिच्यातल्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन उजेड पडतो. भाच्याने एक काटकी तळहातावर घेतली तर बोटांच्या रेषा दिसत होत्या अंधुक, आणि बघून झाल्यावर काकांनी ती होती तिथेच परत ठेवायला लावली.

आता तक्रारी. बुकिंगच्या वेळी 25 मुलं सांगितलेली, निघाली 41, आणि गाईड दोनच. मागच्या मुलांना काकांचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. मुलींसाठी टॉयलेट एकच, सकाळी लांब लाईन, वयात आलेल्या मुलींचं काय होतं याचा कुणी विचारच केलेला नाही. फर्स्ट एड बॉक्स बसमध्ये राहिला आणि बस गेली खाली, एका मुलाचा गुडघा सोलवटला तर माझ्याच पर्समधलं बँडेज लावलं. तिथे रेंज पण धड नसते, त्यामुळे हे मला अजिबात पटलं नाही.

पाठवणार असाल तर बॅच किती मुलांची, गाईड गावातला आहे का, औषधं कुणाकडे असणार, हे तीन प्रश्न पैसे भरायच्या आधी विचाराच. मोजे तीन-चार जोड द्या, काही वाळत नाही.

लेक परत जायचं म्हणतेय. मी ग्रुपवाल्यांना सांगितलंय, 25 च्या वर एक मूल घेतलंत तर आम्ही नाही येणार.